घरगुती मोठा ॲम्प्लिफायर : मराठवाड्यातील हौशी बांधणी

सुटे भाग आणून, बोर्डावर जोडून, दर चॅनलला साधारण ५० ते २०० वॉट आरएमएस देणारा ॲम्प्लिफायर घरी गाणी ऐकण्यासाठी स्वतः उभा करण्याचा छंद. आरएमएस म्हणजे ठरावीक स्पीकरवर सलग देता येणारी शक्ती. डब्यावर छापलेल्या हजारो ‘पीएमपीओ’ वॉटांशी तिचा संबंध नाही. अनेकांचा हात पहिल्यांदा बसतो तो एलए ४४४० या आयसीच्या (एकाच चिपमध्ये बसवलेले सर्किट) तयार बोर्डावर. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारी ही आयसी दोन चॅनलला प्रत्येकी ६ वॉट, किंवा ब्रिज जोडणीत, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवताना, १९ वॉट देते. त्यापुढे जायचे तर शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट देणारा अधिक-उणे असा दुहेरी सप्लाय लागतो आणि खरे काम तिथून सुरू होते.

सर्किट जगभर जवळपास एकच आहे. एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारी मांडणी दाखवली, तिचेच हे वंशज. ट्रान्झिस्टर एनपीएन आणि पीएनपी अशा दोन, उलट दिशेने करंट नेणाऱ्या प्रकारांचे असतात. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले तेव्हा मोठ्या ताकदीचे पीएनपी सहज मिळत नसल्याने दोन्ही बाजूंना एनपीएनच लावावे लागत. धातूच्या टोपीचा २एन३०५५ त्यातून घरोघरच्या यंत्रांत गेला. आज सी ५२०० आणि ए १९४३ ही एनपीएन-पीएनपी जोडी अधिक चालते : प्रत्येकी कमाल २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉट. तिची नक्कल बाजारात फार आहे. बाहेरची छपाई तशीच, आत सिलिकॉनचा तुकडा मात्र लहान. जोराचा लोड आला की तो शॉर्ट होतो. म्हणून जाणकार एकगठ्ठा माल घेताना एक नग फोडून आत पाहतात. तो नग वाया गेला असे कोणी मानू नये.

मराठवाड्यात ही बांधणी वेगळी ठरते ती विजेमुळे आणि उन्हामुळे. पैसा बोर्डापेक्षा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकमध्ये (ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) घालावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

३५-०-३५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डायोड ब्रिज व कंडेन्सरनंतर दोन्ही बाजूंना सुमारे ४८ व्होल्ट डीसी देतो. थोडे व्होल्ट लोडमुळे आणि ट्रान्झिस्टरमध्ये जाऊन आउटपुटच्या लाटेचा शेंडा ४४ पर्यंत पोचला, तर ८ ओहमच्या स्पीकरवर १२१ वॉट मिळतात (४४ × ४४ ÷ १६). शेतीपंपांच्या मोटारी भरून देणारी दुकाने तालुक्याच्या गावी असतात. असा ट्रान्सफॉर्मर तिथे सांगून बांधून घेता येतो. सांगताना नुसते व्होल्ट सांगू नयेत, अँपिअरही सांगावेत; दोन चॅनलसाठी ५०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) ठीक. ज्या कमी दाबामुळे मोटारी जळून या दुकानांत येतात, तोच दाब ॲम्प्लिफायरलाही गाठतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले की सप्लाय त्याच प्रमाणात उतरतो, आणि शक्ती व्होल्टच्या वर्गाने बदलत असल्याने १२१ वॉटांचे ८० च्या आसपास उरतात. कानाला हा फरक दोन डेसिबलही नसतो. पण लाइन कमी असताना व्हॉल्यूम वाढवून भरपाई करू गेले की लाटेचे शेंडे कापले जातात आणि पहिला ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. उलट लोड नसताना लाइन २५० वर गेली तर ५० व्होल्टचे कंडेन्सर टिकत नाहीत; ६३ व्होल्टचेच घ्यावेत.

उष्णतेचा हिशेब याहून कठोर आहे. एबी वर्गाच्या, म्हणजे लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळ्या ट्रान्झिस्टरांनी उचलणाऱ्या, आउटपुटची कार्यक्षमता कागदावरही ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि मध्यम आवाजावर ती बरीच खाली असते. उरलेली वीज हीटसिंक तापवते. हीटसिंक ७० अंशांवर थांबवायची, तर २५ अंशांच्या खोलीत ४५ अंशांचा वाव मिळतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४५ अंश असले की वाव २५ अंशांचाच उरतो. म्हणजे थंड गावासाठी सांगितलेली हीटसिंक इथे १.८ पट मोठी हवी. ट्रान्झिस्टरखाली मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि उष्णता नेणारी पेस्ट हवीच. बायसचा, म्हणजे गाणे नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा, छोटा ट्रान्झिस्टर, बहुधा बीडी १३९, त्याच हीटसिंकवर कसावा. तो सुटा राहिला तर तापलेले आउटपुट अधिक करंट ओढते, त्याने आणखी तापते आणि शेवटी जळते. पंखा लावल्यास काळ्या मातीची धूळ फिनांमध्ये बसते, ती उन्हाळ्याआधी ब्रशने काढावी.

अर्थिंगही मातीशीच बांधलेले आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सळईभोवती कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची रीत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीलाही तितकीच गरजेची आहे. स्पीकरमधली घरघर मात्र बहुतेकदा पेटीतल्या ग्राउंडच्या तारांमुळे येते. सप्लाय, इनपुट व स्पीकरचे ग्राउंड कंडेन्सरांच्या मधल्या एकाच बिंदूवर आणले की ती बसते.

पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालतात. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच उजळ राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर, स्पीकर न जोडता, आउटपुटवरचा डीसी मोजतात. तो काही दशक मिलिव्होल्टांपलीकडे नसावा. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यास ४८ व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर येतो आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, काही सेकंदांत जळते. यूपीसी १२३७ आयसीवर चालणारी रिले, म्हणजे धोका दिसताच स्पीकर तोडणारा स्विच, लावून ते टाळता येते. बंद केल्यावरही कंडेन्सरांत चार्ज उरतो. तो रझिस्टन्समधून उतरवावा, स्क्रूड्रायव्हर टेकवून नाही.

निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, त्यामुळे १०० वॉटांचा उपयोग मोठ्याने वाजवण्यापेक्षा पखवाजाची थाप न कापता येण्यासाठी अधिक. माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतींमध्ये, ती थाप कोरडी आणि नेमकी ऐकू येते. पत्र्याच्या घरात आधी छताचे जे-हुक आवळावे लागतात, नाहीतर बासच्या प्रत्येक ठोक्याला पत्रे वाजतात.