अपकल्लू

अपकल्लू : महाप्रलयापूर्वी माणसाला लेखन, शेती, नगररचना आणि देवपूजा शिकविणाऱ्या सात ज्ञानी जीवांना प्राचीन मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) परंपरेत दिलेले नाव. हे जीव ज्ञानाचा देव एआ (सुमेरी नाव एन्की) याचे सेवक मानले जात व त्यांचा वास भूमीखालच्या गोड्या पाण्याच्या ‘अप्सू’ या साठ्यात असे. कीलाकार (मातीवर पाचरीसारख्या खुणांनी लिहिलेल्या) लिपीतील मंत्रग्रंथांत त्यांना मासे म्हटले आहे. ग्रीक भाषेतून उरलेल्या वृत्तांतात ते दिवसा जमिनीवर व रात्री पाण्यात राहणारे उभयचर मत्स्यमानव आहेत, तर असिरियन शिल्पांत ते अंगावर माशाचे कातडे पांघरलेल्या दाढीधारी पुरुषांच्या रूपात दिसतात. ही तिन्ही वर्णने एकाच कल्पनेची आहेत, हे विद्वानांना पटण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

बेरोससचा वृत्तांत : युरोपला या जीवांची ओळख झाली ती बेरोससमुळे. हा बॅबिलनमधील बेल (मार्डुक) देवाचा पुजारी. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने आपल्या देशाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहून सेल्युसिड राजा पहिला अँटायोकस याला अर्पण केला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. इ. स. पू. पहिल्या शतकातील अलेक्झांडर पॉलिहिस्टरने केलेला त्याचा संक्षेपही गेला. त्या संक्षेपातील उतारे चौथ्या शतकातील युसीबियस आणि इ. स. ८०० च्या सुमाराचा जॉर्ज सिंकेलस या ख्रिस्ती इतिवृत्तकारांनी घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. या उताऱ्यांनुसार बॅबिलोनियातील लोक पशूंप्रमाणे नियमांविना राहत असताना, पहिल्याच वर्षी, एरिथ्रियन समुद्रातून (येथे इराणी आखातातून) ओआनेस नावाचा प्राणी किनाऱ्यावर आला. त्याचे सर्व शरीर माशाचे होते. पण माशाच्या डोक्याखाली माणसाचे डोके व शेपटीलगत माणसाचे पाय होते आणि त्याला मनुष्यवाणी होती. तो दिवसभर माणसांत वावरे, अन्न मात्र घेत नसे. त्याने अक्षरे, विद्या, नगरे व मंदिरे उभारण्याची रीत, कायदे, भूमिती, बी पेरणे व फळे गोळा करणे हे सर्व शिकविले आणि त्यानंतर नवे असे काही शोधले गेले नाही, असे बेरोसस म्हणतो. सूर्य मावळला की तो पुन्हा समुद्रात बुडी मारी, कारण तो उभयचर होता. त्याची प्रतिमा आपल्या काळापर्यंत जपलेली आहे, हे बेरोससचे विधान कलेच्या अभ्यासकांना विशेष मोलाचे वाटते.

ओआनेसनंतर तसेच आणखी जीव आले. त्यांची नावे ॲनेडोटस, युएडोकस, एनेउगॅमस, एनेउबूलस, अनेमेंटस व ओडाकोन अशी नोंदली आहेत. त्यांच्या आगमनकाळाबाबत मात्र जुन्या लेखकांतच मतभेद होता. पॉलिहिस्टर पहिले वर्ष धरतो. अपॉलोडोरस चाळीस ‘सार’ उलटल्यावर ओआनेस आला असे सांगतो. अबिडेनस दुसरा ॲनेडोटस सव्वीस सारांनंतर आणतो. एक सार ३,६०० वर्षांचा, म्हणजे चाळीस सारांची १,४४,००० वर्षे होतात. प्रलयापूर्वीच्या दहा राजांना बेरोससने एकूण १२० सार, म्हणजे ४,३२,००० वर्षे दिली आहेत. या आकड्यांतून कालनिर्णय करता येत नाही. त्यांवरून बॅबिलोनी षष्टिमान (साठ या पायावरच्या) गणनेची रीत तेवढी दिसते.

नावांचा ताळा : बेरोससने हे सारे ग्रीक वाचकांसाठी रचले असावे, असा संशय एकोणिसाव्या शतकात होता. तो दक्षिण इराकमधील उरुक येथील उत्खननाने दूर केला. तेथील अनू देवाच्या मंदिराच्या परिसरात सापडलेला व जे. जे. ए. व्हॅन डाइक यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेला मृत्तिकापट इ. स. पू. १६५ च्या सुमाराचा आहे. त्यात प्रलयापूर्वीच्या सात राजांसमोर त्यांचे सात अपकल्लू क्रमाने दिले आहेत : उ-अन, उ-अन-दुगा, एन्मेदुगा, एन्मेगलम्मा, एन्मेबुलुग्गा, अन-एन्लिल्दा आणि उतु-अब्झू. उ-अन म्हणजे ओआनेस व उ-अन-दुगा म्हणजे ॲनेडोटस हे साम्य निर्विवाद आहे. एन्मेदुगा–युएडोकस व एन्मेगलम्मा–एनेउगॅमस याही जोड्या जुळतात. शेवटच्या उतु-अब्झूचे ओडाकोन कसे झाले, हे ध्वनिनियमांनी नीट उलगडत नाही. तथापि क्रम पाहता तीही जोडी मान्य करण्याकडेच कल आहे. हा मृत्तिकापट बेरोससहून शतकभराने अर्वाचीन असल्यामुळे तो त्याचा आधार ठरू शकत नाही. परंतु हीच सात नावे ‘बीत मेसेरी’ या त्याहून जुन्या मंत्रमालेतही आहेत, त्यामुळे परंपरा देशी होती याविषयी शंका राहत नाही.

‘अपकल्लू’ हा अक्कडी शब्द सुमेरी ‘अबगल’ यावरून आला. तो ‘नुन’ व ‘मे’ या दोन चिन्हांनी लिहीत आणि इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील शब्दसूचींत तो एका अधिकाऱ्याचे किंवा पुजाऱ्याचे पद म्हणून आढळतो. ‘गल’ म्हणजे मोठा, हे उघड आहे. ‘अब’ या अंशाचा अर्थ काहींनी समुद्र असा घेतला, तर काहींनी वडीलधारा असा. पहिला अर्थ मत्स्यरूपाशी चांगला जुळतो, पण तो जुळतो एवढ्यावरूनच तो खरा मानणे धोक्याचे आहे, कारण सर्वांत जुन्या लेखांत या पदाचा माशाशी संबंध दाखविलेला नाही. मूळ अर्थ ‘जाणता वृद्ध’ यासारखा असावा आणि मत्स्यकल्पना नंतर जोडली गेली असावी, हे मत सावधपणे स्वीकारण्यास हरकत नाही.

ओआनेस या नावाबाबतही असेच झाले. कीलाकार पुरावा हाती येण्यापूर्वी त्याची फोड ‘एआ’ हा देव आणि ‘मासा’ या अर्थाचा सुमेरी शब्द अशी केली जात असे. उ-अन हे रूप सापडल्यावर ती मागे पडली. आता प्रश्न उरतो तो अदपाचा. एरिदू (आजचे अबू शहरैन) येथील एआचा भक्त अदपा मासेमारीस गेला असता दक्षिण वाऱ्याने त्याची नाव उलटवली, त्याने शापाने वाऱ्याचा पंख मोडला आणि अनूपुढे उभा राहिल्यावर एआच्या सल्ल्यामुळे जीवनाचे अन्न व पाणी नाकारून अमरत्व गमावले, ही कथा इ. स. पू. चौदाव्या शतकात इजिप्तमधील अमार्नापर्यंत पोचली होती. काही लेखांत ‘उअन्ना अदपा’ अशी जोडी येते. डब्ल्यू. जी. लँबर्ट यांनी १९६२ मध्ये ग्रंथ व ग्रंथकारांची निनेव्ह येथील यादी प्रसिद्ध करताना ‘अदपा’ हे मुळात ‘शहाणा’ या अर्थाचे विशेषण असल्याचे सुचविले. ते मानले, तर मत्स्यमानव ओआनेस आणि पूर्ण मानवी अदपा यांची सांगड बसते. मात्र कथेतला अदपा मासे पकडणारा आहे, स्वतः मासा नाही. त्यामुळे दोन स्वतंत्र परंपरा पुढे एकत्र आल्या असाव्यात, ही शक्यता मोकळी ठेवावी लागते.

मत्स्यरूप : बीत मेसेरीत या सातांना तेजस्वी ‘पुरादू’ मासे म्हटले आहे. पुरादू हा साधारणपणे कार्प, म्हणजे आपल्याकडील रोहू-कटल्याच्या कुळातील मासा मानतात. कार्प गोड्या पाण्यातला. तरी तेथे एका ओळीत हे मासे समुद्रातले आहेत, तर लगेच पुढे ते नदीत निर्माण झाले असे म्हटले आहे. दक्षिण इराकमध्ये नद्या, दलदल व आखात एकमेकांत मिसळतात; तेथील माणसाला ही विसंगती जाणवली नसेल. बेरोससने त्यांतला समुद्र तेवढा उचलला. इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या एर्रा महाकाव्यातही मार्डुक या सातांना अप्सूतील पवित्र पुरादू म्हणतो व त्यांना आपण पुन्हा अप्सूत धाडल्याचे सांगतो.

शिल्पांतील माशाचे डोके टोपीसारखे माणसाच्या डोक्यावर बसते व कातडे पाठीवरून कधी कमरेपर्यंत, कधी घोट्यापर्यंत खाली येते. अशी आकृती कॅसाइट काळातील (इ. स. पू. चौदावे-तेरावे शतक) मुद्रांवर स्पष्ट दिसू लागते, त्याआधीचा पुरावा विरळ आहे. ही आकृती माशाचा वेश घेतलेल्या पुजाऱ्याची आहे असे पूर्वी समजत. बेरोससचे ‘माशाच्या डोक्याखाली दुसरे डोके’ हे शब्द मात्र अशीच प्रतिमा पाहून लिहिल्यासारखे वाटतात, आणि तो तिला वेश म्हणत नाही, शरीर म्हणतो. एफ. ए. एम. विगरमान यांनी संरक्षक मूर्तींच्या विधिग्रंथांचे संपादन केल्यापासून (१९९२) या आकृती अपकल्लूंच्याच आहेत हे मत स्थिरावले. त्याच विधिग्रंथांमुळे अपकल्लूंची आणखी दोन रूपे कळली : पंख असलेला मानवी व पक्षिमुखी. कमरेखाली मासा व वर माणूस असलेला ‘कुलुल्लू’ आणि पुढून बोकड व मागून मासा असलेला ‘सुहुरमाशू’ हे जीव वेगळे आहेत. मत्स्यकन्येच्या धर्तीची कोणतीही आकृती अपकल्लू समजणे ही चूक अजूनही लोकप्रिय लेखनात होते.

दागोनशी गल्लत : याहून मोठी चूक दागोनच्या बाबतीत झाली. उत्तर इराकमधील नीमरूद येथे असिरियन राजा दुसरा अशुरनासिरपाल याने (इ. स. पू. ८८३–८५९) बांधलेल्या निनुर्ता मंदिराच्या द्वाराशी मत्स्यवस्त्रधारी पुरुषाचे मोठे उत्थितशिल्प होते, ते आता लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ते उजेडात आणणारे ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी त्याचा संबंध बायबलमधील पलिष्टी लोकांच्या दागोन देवाशी जोडला. त्याला कारण होते. हिब्रू भाषेत ‘दाग’ म्हणजे मासा आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय ५) दागोनच्या मूर्तीचे डोके व हात तुटून केवळ धड उरल्याची कथा आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराचा भाष्यकार डेव्हिड किम्ही याने नाभीखालचा भाग माशाचा होता अशी परंपरा नोंदविली. परंतु दागोन म्हणजे मध्य फरातच्या खोऱ्यातील दगान हा प्राचीन देव. तुत्तुल व तेर्का येथे त्याची मोठी देवस्थाने होती, आणि त्याच खोऱ्यातील मारी नगराच्या पत्रव्यवहारात त्याचे असंख्य उल्लेख येतात. त्यांत माशाचा मागमूस नाही. त्याच्या नावाचा संबंध ‘धान्य’ या अर्थाच्या पश्चिम सेमिटिक शब्दाशी लावणे अधिक सयुक्तिक वाटते, जरी हा शब्दच देवाच्या नावावरून पडला असेल ही शंका काही जण घेतात. विसाव्या शतकातील इंग्रजी भयकथांत आणि त्यांवर पोसलेल्या खेळांच्या कल्पित विश्वांत समुद्रतळी राहणाऱ्या मत्स्यमानवांच्या जमाती दागोनला भजतात, ते याच जुन्या गैरसमजाचे अपत्य होय.

विधी : ‘शत्रूचे पाऊल घरात पडू नये’ या हेतूच्या असिरियन विधीत सूर्योदयाला मातीच्या खाणीची शुद्धी करून, तिच्यात सोन्याचांदीचे कण टाकून माती घेत व तिच्या सात मत्स्य-अपकल्लूंच्या मूर्ती करीत. वीतभराहून लहान अशा या मूर्ती विटांच्या पेटीत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. अशुर, नीमरूद व उर येथे त्या सापडल्या आहेत. मूर्तीच्या डाव्या हातात ‘बंदुद्दू’ ही बादली आणि पक्षिमुखी रूपात उजव्या हातात ‘मुल्लिलू’ (शुद्ध करणारा) हे शंकूच्या आकाराचे साधन असते. ई. बी. टायलर यांनी १८९० मध्ये या शंकूचा अर्थ खजुराच्या झाडाचे कृत्रिम परागण असा लावला होता. मुल्लिलू या नावामुळे पाणी शिंपडून शुद्धी करण्याचा अर्थ आता बहुमान्य आहे. बाळबाळंतिणींना ग्रासणाऱ्या लमाश्तू राक्षशिणीविरुद्धच्या कांस्य फलकांवर आजाऱ्याच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मत्स्य-अपकल्लू उभे दाखविलेले आहेत.

प्रलयानंतर : प्रलयानंतरचे अपकल्लू मानववंशी आहेत आणि त्यांच्या हातून प्रमाद घडतात. पिरिग्गलनुन्गलने पर्जन्यदेव अदद याला रागावविले, म्हणून तीन वर्षे पाऊस पडला नाही. लू-नन्ना तर दोन-तृतीयांशच अपकल्लू होता. त्यांच्यानंतर ‘उम्मानू’ म्हणजे दरबारी पंडित येतात. उरुकची यादी असिरियन राजा असरहद्दोनच्या काळापर्यंत येऊन त्याच्या पंडिताला अरामी लोक अहिकर म्हणतात असे सांगते. आपल्या विद्येची परंपरा अप्सूपर्यंत नेण्यात या पंडितांचे हित होते. म्हणूनच या याद्यांचा भर राजांपेक्षा विद्वानांवर अधिक दिसतो.

भारतीय साम्य : सात ज्ञानी म्हटले की आपल्याला सप्तर्षी आठवतात आणि मासा व प्रलय म्हटले की मत्स्यावतार. शतपथ ब्राह्मणातील (१.८.१) मासा मनूला सावध करतो व त्याची नाव ओढून नेतो, पण विद्या शिकवीत नाही, वेदांचा उद्धार व उपदेश हा भाग भागवत पुराणात येतो. अपकल्लू उलट विद्या देतात, पण प्रलयातून कोणाला तारीत नाहीत. त्यामुळे थेट उसनवारी दाखविणे अवघड आहे. नीमरूदच्या शिल्पांचा मुंबईशी असलेला संबंध मात्र प्रत्यक्ष आहे : लेयर्ड यांच्या उत्खननातील पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला गेल्या आणि त्याच स्थळाची काही असिरियन उत्थितशिल्पे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

इराणमधील पसार्गदाई येथील कुरुश राजाच्या सभागृहाच्या द्वारावर मत्स्यवस्त्रधारी आकृतीचा खालचा भाग शिल्लक आहे. ‘अपकल्लू’ हा शब्दही पुढे अरामी व अरबी भाषांत गेला. सिरियातील पाल्मायरा येथील व नबातियन (प्राचीन अरब) शिलालेखांत ‘अफ्कल’ हे पुजाऱ्याचे पद म्हणून येते.