लॉगआउट केल्यावर नेमके काय पुसले जाते?

दिवाळीत मी माझा जुना फोन भाचीला दिला. देण्यापूर्वी त्यातील फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही दोन्ही ॲप काढून टाकली होती, त्यामुळे माझी खाती त्या फोनमधून निघाली अशी माझी पक्की समजूत होती. दोन आठवड्यांनी लॅपटॉपवर फेसबुकच्या सेटिंगमधील ‘पासवर्ड आणि सुरक्षा’ या विभागात गेले, तेव्हा मी सध्या कुठे कुठे लॉग इन आहे याची यादी समोर आली. यादीत माझा लॅपटॉप आणि नवा फोन होता. पण त्याखाली जुना फोनही होता, आणि त्याच्याही खाली एका झेरॉक्सच्या दुकानातील संगणक होता, जिथे मी कधीतरी घाईघाईने एक फोटो छापून घेतला होता. तिथून उठताना ब्राउझरची खिडकी बंद केल्याचे मला स्पष्ट आठवते.

खिडकी बंद करणे, ॲप काढून टाकणे, फोन बंद करून पुन्हा सुरू करणे यांपैकी कशालाही लॉगआउट म्हणता येत नाही. ही गल्लत फार सर्वत्र आढळते, आणि तिचे मूळ वेबच्या रचनेतच आहे.

वेबवरील देवाणघेवाण एचटीटीपी नावाच्या नियमावलीने चालते आणि ही नियमावली स्वभावतः विसराळू आहे. आपण एक पान मागितले, सर्व्हरने, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाने, ते पाठवले, व्यवहार संपला. पुढच्याच क्षणी दुसरे पान मागितले तर सर्व्हरच्या दृष्टीने आपण पुन्हा अनोळखी असतो. केवळ माहितीची पाने वाचायची होती तोवर हे चालून गेले, पण दुकानातली टोपली पुढच्या पानावरही भरलेली राहायला हवी असे वाटू लागल्यावर अडचण झाली. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी त्यावर जो उपाय शोधला त्याला आपण आज कुकी म्हणतो.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड डोळ्यांसमोर आणा. आपण चपला देतो आणि तिथला माणूस नंबर कोरलेला बिल्ला हातात ठेवतो. तो आपला चेहरा लक्षात ठेवत नाही. परत आल्यावर बिल्ला पाहतो आणि त्या नंबरच्या चपला देतो. पासवर्ड बरोबर आहे हे एकदा तपासून झाले की सर्व्हरही असाच एक बिल्ला, म्हणजे एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक, कुकीच्या रूपात आपल्या ब्राउझरला देतो आणि स्वतःच्या नोंदवहीत ‘हा क्रमांक अमुक खात्याचा’ अशी ओळ लिहितो. त्यानंतर आपण केलेल्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो बिल्ला मुकाट्याने दाखवत राहतो. पासवर्ड पुन्हा मधे येतच नाही. क्रमांक 128 बिटांचा, म्हणजे 0 किंवा 1 अशा 128 अंकांचा असेल तर शक्य क्रमांकांची संख्या 34 वर 37 शून्ये इतकी होते. सेकंदाला शंभर कोटी क्रमांक तपासले तरी विश्वाच्या आजवरच्या 1380 कोटी वर्षांत ते संपणार नाहीत. अंदाजाने तो बिल्ला कोणालाही सापडत नाही, मात्र चोरता येतो, आणि ज्याच्या हाती तो पडेल त्याला सर्व्हर आपणच समजतो.

ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाची छोटी जोड फायरफॉक्स ब्राउझरसाठी प्रसिद्ध केली, ती हेच दाखवण्यासाठी. त्या काळी अनेक संकेतस्थळे लॉग इनचे पान तेवढे गुप्त ठेवत आणि नंतरच्या कुकी मात्र उघड्या पाठवत, त्यामुळे खुल्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाच्या खात्यात एका क्लिकने शिरता येत होते.

आता लॉगआउटकडे येऊ. खऱ्या लॉगआउटमध्ये दोन गोष्टी घडतात: आपल्या उपकरणातील बिल्ला टाकून दिला जातो आणि सर्व्हरच्या वहीतील ती ओळ खोडली जाते. यांतील दुसरी गोष्ट निर्णायक आहे. ॲप काढून टाकताना बहुधा पहिलीच घडते, आणि कधी कधी तीही घडत नाही. आयफोनमध्ये पासवर्ड आणि टोकन (म्हणजे असे बिल्ले) ठेवण्याची जी कीचेन नावाची तिजोरी असते, तिच्यातील नोंदी ॲप काढल्यावरही मागे राहू शकतात, म्हणून तेच ॲप पुन्हा घेतल्यावर काही वेळा पासवर्ड न विचारताच खाते उघडते. खिडकी बंद केल्यावर तर दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहतात, कारण समाजमाध्यमांच्या कुकींना सहसा दीर्घ मुदत दिलेली असते.

इथवर सगळे सोपे आहे. यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण या विषयातील खरे सौंदर्य मला त्यातच दिसते.

कोट्यवधी लोक जी सेवा वापरतात तिचा सर्व्हर एक नसतो, हजारो असतात. प्रत्येक मागणीच्या वेळी प्रत्येकाने मध्यवर्ती वहीत डोकवायचे ठरवले तर त्या वहीपाशी रांग लागेल. म्हणून दुसऱ्या प्रकारचे टोकन वापरात आले, आणि ते बिल्ल्यापेक्षा एसटीच्या मासिक पासासारखे आहे. कंडक्टर पास पाहून आगारात फोन लावत नाही. शिक्का खरा आहे का आणि तारीख उलटली आहे का, एवढे तो पाहतो, कारण सगळी माहिती पासावरच लिहिलेली असते. जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) हे अशा टोकनाचे प्रसिद्ध रूप असून त्याचे मानक 2015 मध्ये ठरले. टिंबांनी विभागलेले त्याचे तीन तुकडे असतात: पहिल्यात शिक्क्याची पद्धत, दुसऱ्यात खातेदार आणि मुदत, तिसऱ्यात शिक्का. पहिला तुकडा नेहमी महिरपी कंस आणि अवतरणचिन्ह यांनी सुरू होतो आणि बेस 64 या लिपीत घातल्यावर त्याची रोमन अक्षरे ई, वाय, जे अशी होतात; त्यामुळे जाणकार माणूस या तीन अक्षरांवरूनच टोकन ओळखतो.

शिक्का म्हणजे पहिले दोन तुकडे आणि सर्व्हरची गुप्त किल्ली एकत्र दळून काढलेली एक संख्या. मजकुरातील एक अक्षर बदलले, समजा मुदतीतील 5 चा 6 केला, तर ती संख्या पूर्णपणे वेगळी येते आणि किल्ली हाती नसल्यामुळे नवी संख्या काढता येत नाही. खाडाखोड केलेला पास कोणताही सर्व्हर वही न उघडता परत करतो.

पण या पासाची अडचण नेमकी लॉगआउटच्या वेळी समोर येते. आगाराने पास रद्द केला हे रस्त्यावरच्या कंडक्टरला कळायला मार्ग नाही. मुदत आहे तोवर पास चालतच राहणार. यावर अभियंत्यांनी काढलेली तोड फार सुंदर आहे. पासाची मुदत काही मिनिटांवर आणायची आणि बरोबर एक वेगळे, दीर्घ मुदतीचे रिफ्रेश टोकन द्यायचे, जे केवळ आगारात जाऊन नवा पास घेण्यासाठीच चालते. वही उघडायची ती फक्त नूतनीकरणाच्या वेळी. आपण लॅपटॉपवर बसून जुन्या फोनला लॉगआउट करतो तेव्हा त्या फोनचे रिफ्रेश टोकन वहीतून खोडले जाते आणि हातातला पास संपेपर्यंतची थोडी मिनिटे फोन कदाचित चालूही राहतो. ‘लॉगआउट केले तरी चालूच आहे’ ही तक्रार ऐकली की मला आधी ही मिनिटे आठवतात.

टोकन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक सप्टेंबर 2018 मध्ये जगाने पाहिले. फेसबुकच्या ‘इतरांना माझे पान कसे दिसते’ हे दाखवणाऱ्या सोयीतील दोषामुळे हल्लेखोरांच्या हाती लोकांची ॲक्सेस टोकन पडली. कंपनीने धोक्यातील सुमारे 5 कोटी आणि खबरदारी म्हणून आणखी 4 कोटी खात्यांची टोकन रद्द केली. त्यामुळे 9 कोटी लोकांना पुन्हा लॉग इन करावे लागले, आणि पासवर्ड बदलण्याची गरज नाही असे त्यांना सांगण्यात आले. पुढे तपासात प्रत्यक्ष चोरी सुमारे 3 कोटी टोकनांची झाल्याचे आढळले. त्या दिवशी लोक घाबरले, पण वहीतील ओळी खोडणे हाच त्या चोरीवरचा अचूक उपाय होता.

‘माझी माहिती वापरण्यास फेसबुकला माझी परवानगी नाही’ असा मजकूर आपल्या भिंतीवर चिकटवण्याची लाट दर काही महिन्यांनी येते, आणि शिकलेली माणसेही तो श्रद्धेने पुढे पाठवतात. दारावर लिंबू-मिरची बांधण्याइतकाच त्याचा उपयोग आहे, कारण सर्व्हरच्या कोणत्याही नोंदीत त्याने बदल होत नाही. एका बटणात सगळीकडून लॉगआउट करून देतो म्हणणाऱ्या परक्या ॲपला तर आपले टोकनच द्यावे लागते, म्हणून त्यांच्यापासून दूर राहावे.

कुठे लॉग इन आहोत याची यादी पाहताना गावाच्या नावाने मात्र घाबरून जाऊ नये. ते इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असते, त्यामुळे साताऱ्यात बसलेल्या माणसाचा मोबाइल मुंबईत दिसू शकतो. उपकरणाचे नाव आणि शेवटच्या वापराची वेळ यांवर अधिक भरवसा ठेवावा. व्हॉट्सॲपमध्ये हीच यादी ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या नावाने असते. मुख्य फोन 14 दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर तिथली जोडलेली उपकरणे आपोआप सुटतात, पण दुकानातील संगणकासाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

फोन चोरीला गेला असेल तर क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी सिम बंद करून घ्यावे, कारण ओटीपी तिथेच येतात. मग दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावा आणि त्याच वेळी बाकीच्या सर्व ठिकाणांहून लॉगआउट करावे. केवळ पासवर्ड बदलला तर काही सेवा जुनी टोकन तशीच चालू ठेवतात, आणि केवळ लॉगआउट केले तर फोनमध्ये साठवलेल्या पासवर्डने चोर पुन्हा आत येतो. शेवटी, आपल्या फेसबुक खात्याने ज्या खेळांत आणि दुकानांत प्रवेश केला असेल त्यांची यादी वेगळी तपासावी, कारण त्यांनी आपल्याला दिलेले बिल्ले त्यांच्याच वहीत असतात आणि फेसबुकमधून लॉगआउट केल्याने तिथली ओळ खोडली जात नाही.