शिक्का खोक्याचा, किडा झोपाळ्यातला

सांगलीच्या गावभागात मावशीच्या घरी सागवानी झोपाळा आहे. चार जाड खांब, रुंद फळी, पितळी कड्या. मावसबहीण आता कायमची मेलबर्नला निघाली आहे आणि झोपाळा सोडून जायला तयार नाही. क्वारंटाइनचं, म्हणजे परदेशी कीड रोखायला तिथे होणाऱ्या लाकडाच्या तपासणीचं काय, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामा, पॅकिंगवाला शिक्क्याचं खोकं देतोय. काळजीच नाही." हेच उत्तर मी याआधी दोन-तीन घरांत ऐकलं आहे, म्हणून हा लेख.

त्या शिक्क्यावर गव्हाची ओंबी असते, शेजारी देशाची अक्षरं (आपली 'आयएन'), उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि उपचाराची खूण: उष्णता दिली असेल तर 'एचटी', मिथाइल ब्रोमाइड वायू दिला असेल तर 'एमबी'. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा शिक्का पॅकिंगच्या लाकडावर मारतात. त्यामुळे तो फक्त खोक्याबद्दल बोलतो. आत ठेवलेल्या झोपाळ्याबद्दल त्यात एक अक्षरही नसतं. फर्निचरला सामान जिथे उतरणार त्या देशाचे नियम लागू होतात. ऑस्ट्रेलियात तपासणीत जिवंत किडीची खूण सापडली, तर मालकाच्या खर्चानं उपचार करावा लागतो, नाहीतर वस्तू परत पाठवावी किंवा नष्ट करावी लागते.

एवढी कडक तपासणी का? १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलची झाडं आतून पोखरलेली सापडली. लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा चीनहून आलेल्या पॅकिंगच्या लाकडातून तिथे पोचला होता. त्याला आवर घालायला हजारो झाडं तोडावी लागली.

"पण आमचं लाकूड पन्नास वर्षांचं आहे, त्याला आता काय लागणार?" यावर एकच उदाहरण देतो. १९८३ साली इंग्लंडमधल्या एका घरात जिन्याच्या लाकडातून सोनेरी रंगाचा एक भुंगेरा बाहेर आला. त्याची अळी त्या लाकडात ५१ वर्षं होती! कोरड्या लाकडात खायला सत्त्व कमी असतं, म्हणून अळीची वाढ रेंगाळते.

आपल्याकडे जास्त भेटतो तो पिठी पाडणारा बारीक भुंगेरा. त्याची मादी आधी लाकूड चावून बघते. पिष्ट (स्टार्च) पुरेसं असेल तरच लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. हे पिष्ट असतं सालीलगतच्या पांढरट लाकडात. सागाच्या गाभ्यात ते जवळजवळ उरत नाही, शिवाय तिथे किडीला न मानवणारी रसायनं साठतात. म्हणून जुने सुतार पांढरी कड काढून टाकत. अमावस्येला तोडलेल्या लाकडाला किंवा बांबूला कीड लागत नाही, असं आपल्याकडे अजून ठासून सांगतात. झाडातलं पिष्ट ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं हे खरं, पण त्यासाठी चंद्राकडे नव्हे, झाडाच्या पालवीकडे बघायला हवं. कापूर आणि कडुलिंबाचा पाला कपाटात जरूर ठेवा, पण इंचभर आत बसलेल्या अळीपर्यंत तो पोचत नाही.

मग तिथवर पोचतं काय? उष्णता. खोक्याच्या मानकातली अट अशी: लाकडाच्या अगदी मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. ऑस्ट्रेलिया लाकडी वस्तूंच्या उष्णता उपचारालाही हाच आकडा लावतो. या तापमानाला अळीच्या शरीरातली प्रथिनं आपला आकार गमावतात, अंड्याचा बलक घट्ट होतो त्याच जातीची ही क्रिया. मला यात सगळ्यात सुंदर वाटतो तो 'मध्यापर्यंत' हा शब्द.

लाकूड म्हणजे हवेनं भरलेल्या लाखो बारीक नळ्या. उष्णता त्यातून रखडत जाते, म्हणून तर उलथन्याला लाकडी मूठ लावतात. ती सरळ रेषेतही जात नाही. खरसुंडीच्या यात्रेत चुकलेलं पोर डोळ्यांसमोर आणा. गर्दीच्या धक्क्यानं ते एक पाऊल पुढे जातं, एक मागे, एक बाजूला. अशा चालीनं मूळ जागेपासून १० पावलं दूर जायला त्याला साधारण १०० पावलं टाकावी लागतात. २० पावलांसाठी ४००. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. उष्णतेचंही असंच आहे. २ सेंटिमीटर जाडीच्या फळीचा मध्य तापायला समजा १५ मिनिटं लागली. झोपाळ्याचा खांब १० सेंटिमीटरचा, म्हणजे पाचपट जाड. त्याला वेळ लागेल पंचवीसपट, सव्वासहा तास! खांब चारही बाजूंनी तापतो, त्यामुळे प्रत्यक्षात यात बरीच सूट मिळते, पण फळीच्या हिशेबानं भट्टी बंद केली तर खांबातली अळी जिवंत राहते. म्हणून सर्वांत जाड तुकड्याला छिद्र पाडून तापमापकाची तार मध्यात बसवतात, आणि ३० मिनिटं तिथे ५६ अंश दिसल्यापासून मोजतात. वैशाखातल्या उन्हात झोपाळा ठेवून हे साधत नाही. पृष्ठभाग चटका देतो, पण मध्य तापायच्या आत सूर्य कलतो.

वायूचं गणित वेगळं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद टिकायची, कारण बंद जागेत प्राणवायू घटतो आणि कीड गुदमरते. मिथाइल ब्रोमाइड मात्र सरळ विष आहे: २१ अंश किंवा त्याहून वर घनमीटरला ४८ ग्रॅम, २४ तास. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून माँट्रियल करारानं त्याचा वापर बंद करत आणला, पण क्वारंटाइनला सूट ठेवली. माझं मत विचाराल तर जमेल तिथे उष्णताच निवडावी. वायूच घ्यायचा असेल तर वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याआधी घ्या. प्लास्टिकमधून आणि जाड पॉलिशमधून तो नीट शिरत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात: शिसवी वस्तूंना दुर्मीळ प्रजातींच्या व्यापाराचे नियम लागतात. १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि मग ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

झोपाळा बांधायच्या आधी मी बहिणीला एक साधी गोष्ट करायला सांगितली. चारही खांब पुसून त्यांच्याखाली काळा कागद पसरायचा आणि पंधरा दिवस झाडू लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. भिंतीकडच्या खांबाखाली, जिथे पांढरी कड ठेवलेली होती, तिथे चिमूटभर मऊ पिठी पडली होती. आता त्या खांबात तार बसवून तो भट्टीत जाणार आहे.