टोकाचा इन्सुलेटर, कोल्हापूरचा पाऊस आणि शेतातला काळा पाइप

हॅम रेडिओसाठी पहिला डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) टाकला तेव्हा इन्सुलेटर (तार आणि दोरी यांच्यामधला, वीज अडवणारा तुकडा) वगैरे डोक्यातच नव्हतं, तारेच्या टोकाला डायरेक्ट सुतळी बांधली आणि नारळाला गुंडाळली, मे महिन्यात एकदम झकास चाललं. जून-जुलैमध्ये आपला कोल्हापुरी पाऊस लागला, आठ-आठ दिवस उघडीप नाही, सुतळी चिंब आणि एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते दाखवणारा) काटा भलतीकडंच. मला वाटलं केबलमध्ये पाणी गेलं, दोन दिवस कनेक्टर सोलत बसलो आणि दोष निघाला सुतळीचा!

कारण सोपं आहे. 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) 7.1 मेगाहर्ट्झला डायपोलची लांबी नेहमीच्या सूत्रानं 142.5 भागिले 7.1, म्हणजे साधारण 20 मीटर तार, मधोमध तोडून दोन्हीकडं 10-10. गुऱ्हाळावर काहिलीतला रस हेलकावताना बघितलाय का, कडेला पातळी वर-खाली होते आणि मधे रस नुसता इकडून तिकडं पळतो. तारेतही तसंच, पातळी म्हणजे व्होल्टेज आणि पळणं म्हणजे करंट. 100 वॅट सोडले तर मधे इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) 73 ओहमच्या आसपास, म्हणून व्होल्टेज 85 च्या घरात, पण टोकाला तोच इम्पिडन्स काही हजार ओहम होतो आणि तिथं 500 व्होल्ट सहज येतात. म्हणजे मधला इन्सुलेटर ताण सोसणारा असला की भागतं, खरी परीक्षा टोकाची, ओल्या सुतळीतून करंट तिथंच गळतो. (ट्रान्समिट चालू असताना टोकाला हात लावायचा नाही भावांनो, आरएफचा (रेडिओ लहरींच्या विजेचा) चटका लई वाईट.)

मग मातीचं काही चालेल का? कुंभार गल्लीतली साधी भाजलेली माती नाही चालणार, माठात पाणी गार होतं ते मातीतून पाणी झिरपतं म्हणूनच. चिनी माती जास्त तापात भाजून आतपर्यंत काचेसारखी घट्ट होते म्हणून ती पाणी पीत नाही. लाकूड आणि नायलॉनही पाणी ओढतात.

मी वापरतो शेतात पाणी न्यायचा काळा एचडीपीई पाइप. पांढरा पीव्हीसी स्वस्त आहे आणि चालतोही, पण उन्हानं काही वर्षांत ठिसूळ होतो. काळ्या पाइपात कार्बन असतो, तो ऊन अडवतो. जाड पाइपाचा 10-12 सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकांपासून दीड-दोन सेंटीमीटर आत भोकं पाडायची आणि भोकाच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करायच्याच, नाहीतर वाऱ्यात तार घासून तुटते. लांबी एवढ्यासाठी की ओल्या धुळीवरून करंटला वाट लांब पडावी, विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरला घड्या असतात त्याही त्यासाठीच. प्लास्टिक कसलं आहे माहीत नसेल तर तुकडा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, शेजारी पाण्याचा ग्लास, अर्धा मिनिट. तुकडा तापला म्हणजे तो लहरींची ऊर्जा पितो, मग नको. ही चाचणी ढोबळ आहे, ओव्हन 2450 मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपण 7 वर.

एका बाबतीत मात्र घरचा तुकडा कमी पडतो. खांबाच्या स्टे वायरमध्ये (खांबाला धरून ठेवणारी तिरकी तार) चिनी मातीचं अंडं दिसतं ना, त्यात दोन तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात, अंडं नुसतं दाबलं जातं आणि फुटलं तरी तारा एकमेकींना धरून राहतात. पाइप तुटला की तार सरळ खाली. म्हणून माझ्याकडं नारळाच्या बाजूला काळा पाइप आहे आणि गल्लीच्या बाजूला विकतचं अंडं.