आधार कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे
सांगली-मिरजेच्या सेतूत हमखास ऐकू येतं, "आधार आहे की, मग राष्ट्रीयत्वाचा दाखला वेगळा कशाला?" आधार कायदा, २०१६ चं कलम ९ सरळ सांगतं: आधार क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तो रहिवाशाला मिळतो. वर्षात १८२ दिवस इथं राहिलेल्या परदेशी माणसालाही.

नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानं ठरतं. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्यांना बहुधा जन्मच पुरतो. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नको. म्हणून जन्मदाखल्यावरची आई-वडिलांची नावं शाळेच्या दाखल्याशी आधीच ताडून बघा. एकीकडं बाळू, दुसरीकडं बाळासाहेब, की अडलंच.