पट्ट्यावरचा पंखा की विजेवरचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जुनी अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या इंजिनाची गाडी नव्याने उभी करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘इंजिनावरचा तो पंखा काढून टाक, इलेक्ट्रिक बसव, दहा-पंधरा हॉर्सपॉवर फुकटात मिळतील.’ सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनाचं पाणी थंड करणारा हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरून विजेवर गेला तो मुळात हॉर्सपॉवर वाचवायला नव्हे. इंजिन आणि रेडिएटर यांची जागा बदलत गेली, आणि गाडीत पुरेशी वीज तयार होऊ लागली, म्हणून गेला.

१९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचं. पंखा मात्र होता, चपट्या पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून, रेडिएटर त्याच्या पुढ्यात, मग पंखा आणखी कुठे लावणार? पुढे पाण्याचा पंप आला तेव्हा पंखा त्याच्याच शाफ्टवर चढला आणि कित्येक दशकं तिथेच राहिला.

या मांडणीत एक उफराटेपणा आहे. पंख्याची खरी गरज असते सिग्नलला, घाटात, ट्रॅफिकमध्ये; म्हणजे गाडी हळू आणि इंजिनही हळू फिरत असताना. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पण पंखा नेमका तेव्हा सगळ्यात जोरात फिरतो. शिवाय पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. मिनिटाला २००० फेऱ्यांना समजा १ हॉर्सपॉवर लागली, तर ४००० ला ८ आणि ६००० ला २७! फुकटच्या हॉर्सपॉवरचा सल्ला जन्माला आला तो या गणितातून.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिनाची जी ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर जाहिरातीत छापत, ती पंख्यासारखा लवाजमा उतरवून मोजलेली असे. १९७२ पासून सगळं अंगावर ठेवून मोजलेले ‘नेट’ आकडे आले आणि शेव्हरले कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन कागदावर ३३० वरून २५५ वर घसरलं. ही घट एकट्या पंख्याच्या माथी मारता येत नाही. एक्झॉस्ट आणि एअर क्लीनरचाही त्यात वाटा होता.

या उधळपट्टीवर दोन उपाय निघाले. एक फ्लेक्स फॅन : पातळ पोलादी पाती, वेग वाढला की चपटी होऊन हवा कमी कापणारी. दिसायला देखणा, पण वाकून वाकून पात्यांना चिरा पडायच्या आणि तुटलेलं पातं रेडिएटरमधून आरपार जायचं. हा पंखा चालू असताना त्याच्या रेषेत उभं राहू नये, एवढंच मी म्हणेन.

दुसरा उपाय व्हिस्कस क्लच, आणि तो खरोखर हुशारीचा आहे. पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन द्रव असतो. क्लचच्या तोंडावर दोन धातूंची स्प्रिंग असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की ती वळते, आतली झडप उघडते, द्रव चकत्यांमधल्या खाचांत शिरतो आणि पंखा पकड घेतो. थंडीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर जो घोंघाट ऐकू येतो आणि मग विरतो, तो रात्रभर खाचांत उतरून बसलेला द्रव पुन्हा बाजूला फेकला जाण्याचा. मिस्त्री हा क्लच तपासतो हाताने : इंजिन बंद करून पंखा फिरवायचा, भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. स्प्रिंगभोवती तेलकट काळी धूळ दिसली तरी तेच समजायचं.

मुद्दा असा की हा क्लच एका वेगापुढे घसरतो, म्हणून वरचं घनाचं गणित त्याला पूर्णपणे लागू होत नाही. घट्ट बसवलेला पंखा काढून जे मिळेल, त्यातलं थोडंच चांगला क्लच काढून मिळतं. सल्ला देणारे हा फरक सांगत नाहीत.

आता विजेकडे. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये रेडिएटर इंजिनापासून लांब, पार नाकात होता. पट्ट्याचा पंखा तिथे पोचणारच नव्हता. म्हणून इलेक्ट्रिक मोटर आली, पाण्याच्या तापमानावर चालणाऱ्या स्विचसह. पण गाडीत वीज तयार करत होता डायनॅमो, आणि मंद इंजिनावर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. ट्रॅफिकमध्ये पंखा, दिवे, वायपर, सगळं बॅटरीच्या जिवावर. १९६४ च्या ४.२ लिटर गाडीला मंद इंजिनावरही वीज देणारा अल्टरनेटर मिळाला, आणि १९६८ च्या सिरीज २ ला दोन पंखे आणि रुंद तोंड. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंटमध्येच अल्टरनेटर दिला होता. माझ्या मते इलेक्ट्रिक पंख्याच्या इतिहासातला खरा नायक पंखा नाहीच, अल्टरनेटर आहे.

दुसरा धक्का इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीला धरून बसवल्याने बसला. १९५९ च्या मिनीने रेडिएटर बाजूला, चाकाच्या कमानीशी नेऊन पट्ट्याचा पंखा कसाबसा टिकवला. १९६९ च्या फियाट १२८ ने रेडिएटर पुन्हा समोर आणला आणि त्याला इलेक्ट्रिक पंखा दिला. आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांनी हीच वाट धरली. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना पट्ट्याच्या पंख्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. मागून आलेल्या मारुती ८०० चं इंजिन आडवं होतं आणि पंखा विजेवरचा.

फोर्डच्या व्ही-८ मस्टँगने मात्र १९९३ पर्यंत क्लचचा पंखा सोडला नाही. १९९४ च्या नव्या बांधणीत तो गेला. तोवर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी भंगारातल्या फोर्ड टॉरसचा दोन वेगांचा पंखा शोधून काढला होता. स्वस्त आणि दणकट, पण सुरू होताना क्षणभर भलताच करंट ओढणारा. बारीक वायर आणि फुसका रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून तो बसवला की वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास ठरलेला.

विजेच्या पंख्याचा हिशोबही नीट करायला हवा. ३० अँपियर ओढणारा पंखा साधारण ४०० वॉट, म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर खातो. अल्टरनेटरमधली गळती धरली तर एकाच्या आसपास. तो बंद असतो म्हणून परवडतो. ट्रेलर ओढत उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या गाडीत तो सतत चालला, तर हवेच्या मानाने तोच महाग पडतो. म्हणूनच जड ट्रकांत इंजिनावरचा, क्लचचा पंखा अजून टिकून आहे.

ड्रॅग रेसवाल्यांचं, म्हणजे सरळ रेषेत छोटी शर्यत लावणाऱ्यांचं, गणित वेगळं. पाव मैल धावून आलेली गाडी पिटमध्ये येते, इंजिन बंद होतं, आणि पुढच्या फेरीपर्यंत इलेक्ट्रिक पंखा आणि इलेक्ट्रिक पाण्याचा पंप चार्जरवर घरघरत राहतात. पट्ट्याच्या पंख्याला हे काम सांगायचं, तर इंजिन चालूच ठेवावं लागेल.