ऑस्ट्रेलियाला पार्टनर व्हिसा किंवा पीआरवर (कायम राहायच्या व्हिसावर) जाताय? तिकडच्या फुकट इंग्लिश क्लासला नाव कसं घालायचं

गिरगाव, लालबाग, मुलुंडकडच्या कितीतरी मुली लग्न करून मेलबर्न-सिडनीला जातात, बऱ्याच मराठी मिडियमच्या, वाचायला इंग्लिश सगळं येतं पण फोनवर समोरचा भरभर बोलायला लागला की तोंडातून शब्द फुटत नाही आणि मग डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा नवऱ्यालाच घ्यावी लागते. त्यांच्यासाठी तिकडच्या सरकारचाच क्लास आहे, ॲडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्राम, सगळे एएमईपी म्हणतात. १९४८ पासून चालू आहे, फी काही नाही. मध्ये एजंटही लागत नाही, त्यामुळे इथे कोणी "नाव घालून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

मुदतीचं मात्र नीट लक्षात ठेवा. व्हिसा १ ऑक्टोबर २०२० नंतर सुरू झालेला असेल, म्हणजे आता जाणाऱ्या सगळ्यांचाच, तर ६ महिन्यांत नाव नोंदवायचं, १२ महिन्यांत क्लास सुरू करायचा आणि ५ वर्षांत पूर्ण करायचा. व्हिसा मुंबईत असताना मिळाला असेल तर हे दिवस तिकडे उतरल्यापासून धरतात. काही केसमध्ये मुदत वाढवून मिळते पण त्या भरवशावर बसू नका, घर लावू, जरा सेटल होऊ म्हणता म्हणता ६ महिने निघून जातात, तेव्हा पहिल्या महिन्यातच नाव घाला. पूर्वी ५१० तासच मिळायचे, ती मर्यादा एप्रिल २०२१ मध्ये काढली, आता व्होकेशनल इंग्लिशच्या (नोकरी किंवा पुढच्या शिक्षणाला पुरेल एवढ्या इंग्लिशच्या) लेव्हलपर्यंत शिकता येतं.

कोणाला मिळतो? वय १८ च्या वर, इंग्लिश त्या व्होकेशनल लेव्हलच्या खाली, आणि पीआर किंवा ठरावीक टेम्पररी व्हिसा. पार्टनर व्हिसाचे ३०९ आणि ८२० नंबरचे प्रकार त्यात बसतात. स्टुडंट आणि टुरिस्ट व्हिसा बसत नाहीत, म्हणजे नातवंडासाठी व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आई-बाबांना हा क्लास नाही. त्यांनी जवळच्या पब्लिक लायब्ररीत विचारावं, बऱ्याच ठिकाणी इंग्लिश बोलायच्या प्रॅक्टिसचे ग्रुप असतात.

कागदपत्रं मुख्य दोनच, पासपोर्ट आणि व्हिसा ग्रँट लेटर. पासपोर्टवर आता व्हिसाचा स्टिकर येत नाही, ग्रँट लेटर ईमेलवर येतं, त्याची पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रिंटही काढा. त्यावरच्या ग्रँट नंबरने व्हेवो नावाच्या सरकारी वेबसाइटवर आपला व्हिसा फुकट चेक करता येतो.

इथे एक घोळ हमखास होतो. व्हिसा माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर मिळालेला असतो, मग कोणीतरी सांगतं सासरचं नाव लावून घे, पोरगी लोअर परळ नाहीतर मालाडच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन नवा पासपोर्ट काढते आणि व्हिसा तसाच जुन्या पासपोर्टच्या नंबरला जोडलेला राहतो. नवा नंबर टाकला की व्हेवोत काहीच दिसत नाही. पासपोर्ट बदललात तर इमीअकाउंटमध्ये (व्हिसाच्या सरकारी वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात) जाऊन नवे डिटेल लगेच कळवा, नाहीतर नाव बदलायचं काम व्हिसाच्या आधीच उरका.

तिकडे गेल्यावर राहत्या भागातल्या एएमईपी सेंटरला फोन करायचा. बोलायला जमत नसेल तर १३१ ४५० वर हिंदी दुभाषी मागता येतो. सेंटरवाले कागद बघतात आणि बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं तपासतात, त्यावरून वर्ग ठरतो. ही आयईएलटीएससारखी परीक्षा नाही, पास-नापास नाही, म्हणून पाठ केलेलं बोलून दाखवू नका, जेवढं येतं तेवढंच बोला, नाहीतर वरच्या वर्गात टाकतील आणि तिथे काही कळणार नाही.

लहान मूल आहे म्हणून तर अजिबात सोडू नका. शाळेत न जाणाऱ्या मुलांना तुमच्या क्लासच्या वेळात सांभाळायची सोय फुकट आहे. संध्याकाळचे आणि ऑनलाइन क्लासही असतात, बाहेर पडणंच जमत नसेल तर व्हॉलंटियर ट्यूटर मागता येतो.

शाळा सोडल्याचा दाखला वगैरे मराठीतले कागद सोबत न्या, इथे पैसे देऊन भाषांतर करायची घाई नको (व्हिसासाठी लागत असेल तर गोष्ट वेगळी). पीआर आणि काही टेम्पररी व्हिसावाल्यांना, व्हिसा मिळाल्यापासून २ वर्षांच्या आत, १० कागदांपर्यंत इंग्लिश भाषांतर तिकडचं सरकार फुकट करून देतं.